कोशकार डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास मोठ्या शब्दांचें भय वाटतें, लहान शब्दांचें वाटत नाहीं. लांबलचक शब्द आला कीं तो कोश उघडतो. परंतु ‘टेक’, ‘पुट’, ‘सेट’ असे शब्द भेटले म्हणजे ते जुन्या ओळखीचे समजून तो खुशाल पुढें जातो. वस्तुतः ठेंच लागते ती या लहान दगडांचीच. ज्या पुरुषानें हे लहान शब्द पारखण्यांत आपलीं उमेदीचीं वर्षें वेंचिलीं, त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस उपयुक्त होईल असें वाटून तें येथें थोडक्यांत देत आहों.

सॅम्युएल जॉन्सन याचा जन्म इंग्लंडांतील लिचफील्ड या गांवीं १८ सप्टेंबर १७०९ रोजीं झाला. बाप पुस्तकविक्रेता होता. दुकान पुस्तकांनीं भरलेलें, पण घरांत पैशाची नेहमींच ओढ. बाळपणींच मुलास गंडमाळेचा विकार जडला, त्यामुळें चेहऱ्यावर व्रण राहिले व एका डोळ्याची दृष्टि बहुतेक गेली. तथापि बापाच्या दुकानांतील ग्रंथ त्यास मोकळे होते, आणि ते त्यानें अधाशासारखे वाचिले. १७२८ सालीं तो ऑक्सफर्ड येथील पेंब्रोक कॉलेजांत गेला. परंतु सुमारें तेरा महिन्यांनीं पैशाअभावीं पदवीवांचून घरीं परतला. त्याचे फाटके बूट पाहून कोणी दयेनें नवा जोड त्याच्या दाराशीं ठेविला असतां, त्यानें तो संतापून फेंकून दिला अशी आख्यायिका आहे.

१७३५ सालीं त्यानें आपल्याहून वयानें बरीच वडील अशा एका विधवेशीं विवाह केला आणि एक शाळा काढिली. विद्यार्थी थोडेच आले, व शाळा लवकरच बंद पडली. त्यांपैकींच डेव्हिड गॅरिक हा पुढें विख्यात नट झाला. १७३७ सालीं हे गुरुशिष्य बरोबरच लंडनची वाट चालूं लागले. तेथें नियतकालिकांतून लिहून जॉन्सन कसाबसा पोट भरीत असे.

१७४६ सालीं लंडनच्या कांहीं पुस्तकविक्रेत्यांनीं इंग्रजी भाषेचा कोश करण्याचें काम १,५७५ पौंडांस त्याजकडे सोंपविलें. मदतनिसांचा खर्च त्यानें यांतूनच भागवावयाचा होता. फ्रान्समध्यें चाळीस विद्वानांच्या अकादमीस अशाच कोशासाठीं कित्येक दशकें लागलीं होतीं. जॉन्सननें मात्र तीन वर्षांची मुदत मागितली. गफ स्क्वेअर येथील घराच्या माळ्यावर सहा लेखक बसवून त्यानें काम सुरू केलें. तो स्वतः उत्तमोत्तम ग्रंथ वाची, हवें तें वाक्य पेन्सिलीनें अधोरेखित करी, व लेखक तें कागदाच्या चिठ्ठीवर उतरून घेत. शब्दाचा अर्थ मनानें ठरवावयाचा नाहीं. शेक्सपियर, मिल्टन, ड्रायडन यांनीं तो कसा योजिला तें पाहून मग ठरवावयाचा, ही त्याची रीत होती.

या रीतीनेंच त्यास अडचणींत घातलें. प्रत्येक शब्दासाठीं वहींत जागा राखून ठेविली होती. पण वाक्यें जमूं लागलीं तसतसे अर्थांना अर्थ फुटूं लागले, आणि राखलेली जागा अपुरी पडली. कांहीं वर्षांचे श्रम बाजूला ठेवून त्यास मांडणी नव्यानें करावी लागली. तीन वर्षांचीं जवळजवळ नऊ वर्षें झालीं.

हे अर्थ किती असावे? एकट्या ‘टेक’ या क्रियापदाचे त्यानें १३० हून अधिक अर्थ निवडले, व त्यांस पांच पानें लागलीं. मुलानें पाटी हातांत घेतली, सैन्यानें किल्ला घेतला, रोग्यानें औषध घेतलें, येथवर मराठी ‘घेणें’ त्याच्या बरोबरीनें चालतें. परंतु थंडी बाधली, कोणीं डावी वाट धरली, बोलण्याचा भलताच अर्थ केला, प्रवासास दोन दिवस लागले, येथें मराठी आपली वाट बदलते. इंग्रजी मात्र ‘टेक’च म्हणते. अशा क्रियापदांनीं आपणांस किती शिणविलें तें जॉन्सननें प्रस्तावनेंत नमूद केलें आहे. दोन शब्द अगदीं समानार्थी असे क्वचितच सांपडतात, हेंही त्यानें तेथेंच सांगितलें.

मराठीचेंही तसेंच आहे. भूक लागते, आग लागते, दार लागतें, वेड लागतें, पैसे लागतात, आणि झाडास फळही लागतें. मोल्सवर्थ साहेबाच्या मराठी कोशांत, जो १८३१ सालीं मुंबईस प्रथम निघाला, ‘लागणें’चे अर्थ असेच एकामागून एक मांडलेले दिसतात.

काम चालूं असतांच १७५२ सालीं जॉन्सनची पत्नी वारली. तो शोकानें खचला, तरी त्यानें लेखणी सोडली नाहीं. आरंभीं लॉर्ड चेस्टरफील्ड यास त्यानें आपली योजना अर्पण केली होती. त्यानें पुढें विचारपूस केली नाहीं, व कोश तयार होत आला तेव्हां मात्र स्तुतिपर लेख लिहिले. जॉन्सननें त्यास पत्र लिहून हा उशिराचा आश्रय नाकारिला. १५ एप्रिल १७५५ रोजीं कोश दोन मोठ्या भागांत प्रसिद्ध झाला. त्यांत ४२,००० हून अधिक शब्द व सुमारें १,१४,००० उतारे होते. आरंभीं त्यास आशा होती कीं आपण भाषा स्थिर करूं. शेवटीं त्यानें मान्य केलें कीं जिवंत भाषा कोणासही बांधून ठेवितां येत नाहीं.

कीर्ति आली, पैसा आला नाहीं. पुढच्याच वर्षीं कर्जापायीं त्यास अटक झाली, व एका मित्रानें पैसे देऊन सोडविलें. १७६२ सालीं राजाकडून वर्षाला ३०० पौंडांचें वेतन मिळालें, तेव्हां कोठें चिंता मिटली. घोड्याच्या पायाच्या एका भागाचें नांव त्यानें कोशांत चुकीचें समजाविलें होतें. एका बाईनें कारण विचारतां त्यानें सबब न सांगतां आपलें अज्ञान सरळ कबूल केलें. १३ डिसेंबर १७८४ रोजीं तो लंडन येथें निवर्तला, व वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्यास पुरण्यांत आलें.

विद्यार्थिमित्रहो, एका शब्दापुढें एकच प्रतिशब्द लिहून तो पाठ करण्याची संवय आपल्यांत फार आहे. जॉन्सनसारख्या पंडितास ‘टेक’ हा शब्द वाक्यावांचून कळला नाहीं, तो आपणांस कसा कळावा? माणसाची पारख संगतीवरून होते, शब्दाचीही संगतीवरूनच. यापुढें लहान शब्द भेटला म्हणजे क्षणभर थांबावें, त्याच्या मागचेपुढचे सोबती पाहावे, आणि मगच पुढें जावें.