पुस्तक सापडलेला राजा

अलिबागेत इस्रायल आळी आहे आणि त्या आळीत ‘मागेन अबोथ’ हे १८४८ सालचे सिनेगॉग आहे. १९४८ नंतर बेने इस्रायलांपैकी बहुतेक मंडळी इस्रायलला गेली, पण त्यांची मूळकथा इथल्या माणसाला अजून ठाऊक असते. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पोथ्या समुद्राने नेल्या. पुढे ही मंडळी तेलाचा घाणा चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. हिब्रू भाषा गेली, प्रार्थना गेल्या. ओठांवर राहिले ते ‘शमा’चे पहिले वाक्य, देव एकच आहे असे सांगणारे.

मोशेच्या ग्रंथात या वाक्याला लागूनच दुसरे येते. देवावर प्रेम करायचे ते सगळ्या मनाने, सगळ्या जिवाने आणि सगळ्या बळाने. मन, जीव आणि बळ ही त्रयी अशी एकत्र हिब्रू धर्मग्रंथात आणखी एकाच ठिकाणी भेटते: ‘राजे’च्या दुसऱ्या पुस्तकात, २३ व्या अध्यायाच्या २५ व्या वचनात. तिथे ती आज्ञा नाही, एका माणसाचे वर्णन आहे. असा राजा आधी झाला नाही आणि नंतरही झाला नाही, असे ते वचन त्याच्याबद्दल म्हणते. हा माणूस म्हणजे यहूदाचा राजा योशीया.

इ.स.पू. ६४० च्या सुमारास योशीया गादीवर बसला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. बाप आमोन दोनच वर्षे राज्य करून स्वतःच्या चाकरांकडून वाड्यात मारला गेला होता. त्याआधी आजा मनश्शे ५५ वर्षे राजा होता, तोही अश्शूरचा मांडलिक म्हणून. त्याच्या काळात यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणातच ग्रहताऱ्यांच्या वेद्या उभ्या राहिल्या. नातू वयात येत गेला तसतसा अश्शूरचा जोर ओसरत गेला, हे विसरून चालणार नाही. दूरचा धनी दुबळा झाल्याखेरीज मांडलिकाला आपल्या घरात झाडू मारता येत नाही.

कारकिर्दीच्या १८ व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२२ च्या सुमारास, मंदिराची डागडुजी चालू असताना मुख्य याजक हिल्कीयाला नियमशास्त्राचे पुस्तक सापडले. चिटणीस शाफानाने ते राजापुढे वाचले आणि ऐकता ऐकता राजाने अंगावरची वस्त्रे फाडली. अर्थ विचारायला त्याने माणसे पाठवली ती हुल्दा नावाच्या बाईकडे. तिचा नवरा वस्त्रागाराचा रखवालदार होता. तिने सांगितले की अरिष्ट टळणार नाही, मात्र राजा शांतीने कबरीत जाईल. ते पुस्तक म्हणजे ‘अनुवाद’ ग्रंथाचा गाभा असावा, हे मत डी वेटे या जर्मन अभ्यासकाने १८०५ मध्ये मांडले आणि ते पुष्कळांना पटले. यज्ञ एकाच ठिकाणी व्हावा, हा त्यातला मोठा आग्रह.

मग फोडाफोड झाली. मूर्ती किद्रोनच्या काठी जाळल्या, मुले अग्नीत द्यायची हिन्नोमच्या खोऱ्यातली जागा विटाळली, बेथेलची वेदी पाडली. शोमरोनच्या उच्च स्थानांवरच्या पुजाऱ्यांना तिथेच ठार केले. ही ओळ वाचताना आजच्या वाचकाने अडखळलेच पाहिजे. यहूदाच्या खेड्यांतल्या याजकांचा जीव वाचला, पण त्यांना यरुशलेमला आणले गेले. भाकर भाऊबंदांत मिळे, वेदीपाशी जायची मुभा नव्हती. गंमत अशी, की खेड्यातून आलेल्याला सेवेचा सारखाच हक्क त्या ‘अनुवाद’ ग्रंथाने दिला होता. गावच्या गुरवाला शहरात नेऊन पोटाला घालायचे, मात्र गाभाऱ्यात शिरू द्यायचे नाही, म्हणजे काय, हे कोकणात वेगळे समजावून सांगायला नको.

कोकणातल्या बेने इस्रायलांकडे पुस्तक परत आले ते वेगळ्या रीतीने. परंपरा सांगते की दावीद रहाबी नावाचा विद्वान आला. त्याने बायकांपुढे मासळी ठेवली. पर आणि खवले नसलेले मासे त्यांनी बाजूला काढले, आणि त्याने ओळख पटवून घेतली. मग झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतले तिघे निवडून त्याने त्यांना हिब्रू शिकवले. एलियाहू हनाबीच्या रथाच्या खुणा मानला जाणारा खंडाळ्याचा टापा कोणी फोडला नाही, आणि पोहे-नारळाचा मलिदाही चालू राहिला. योशीयाच्या हाताखाली तो टापा टिकला असता असे मला वाटत नाही.

मग वचन एवढी स्तुती का करते? पाच अध्याय आधी हिज्कीया या त्याच्या पणज्याबद्दलही असेच म्हटले आहे, की त्याच्यासारखा आधी-नंतर कोणी नाही. वरवर पाहता ही विसंगती आहे. पण हिज्कीयाची थोरवी भरवशाची आहे, योशीयाची परतण्याची. मूळ हिब्रूत वळण्याचे, माघारी फिरण्याचे क्रियापद आहे. आज्ञा ऐकून जो पूर्णपणे वळला असा हा राजा, एवढेच वचन सांगते. त्याचे काम तडीस गेले असे म्हणत नाही. उलट पुढचेच वचन ‘तरीही’ने सुरू होते आणि मनश्शेच्या पापांमुळे देवाचा कोप शमला नाही असे नोंदवते.

इ.स.पू. ६०९ मध्ये मिसरचा राजा नखो सैन्य घेऊन उत्तरेकडे निघाला. योशीया मगिद्दोला त्याला आडवा गेला आणि मारला गेला, वय ३९. हुल्दाने सांगितलेल्या शांतीचे काय झाले, यावर टीकाकार अजून वाद घालतात.

पुढे त्याचा मुलगा यहोयाकीम राजा असताना यिर्मयाची गुंडाळी त्याच्यापुढे वाचली गेली. बापाने वस्त्रे फाडली होती; मुलगा चाकूने गुंडाळीचे तुकडे करून शेगडीत टाकत गेला. जाळू नका म्हणून विनवणाऱ्यांत शाफानाचा मुलगा गमऱ्या होता. १९८२ मध्ये यरुशलेमच्या उत्खननात मातीवर उमटलेला एक शिक्का सापडला. त्यावर शाफानाचा मुलगा गमऱ्या असेच नाव आहे. बाबेलच्या सैन्याने इ.स.पू. ५८६ मध्ये शहर पेटवले त्या आगीत ती माती भाजून निघाली होती, म्हणून अक्षरे राहिली.