ताळेबंदात माती मांडणारा माणूस

कॉमर्सवाल्यानं मातीचा विचार का करावा आणि शेतकीवाल्यानं हिशेब का शिकावा, असं तुम्हाला वाटत असेल, तर जे. सी. कुमारप्पांची गोष्ट ऐकाच.

जन्म १८९२चा, तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती घरातला. लंडनला अकाउंटन्सी शिकून त्यांनी मुंबईत हिशेब तपासणीचा जम बसवला. पुढे अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात भारताचा सरकारी जमाखर्च अभ्यासताना त्यांना दिसलं, की इथल्या गरिबीचं एक मूळ या जमाखर्चातच आहे. १९२९ साली ते गांधीजींना भेटले. गांधीजींनी त्यांना थेट गुजरातमधल्या मातर तालुक्याच्या पाहणीला धाडलं. सोबत कोण? गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी, म्हणजे तुमच्यासारखीच पोरं. गावोगाव फिरून त्यांनी शेतकऱ्यांची मिळकत, खर्च आणि कर्ज नोंदवलं.

१९३४मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत राहायला आले. तिथं तेलघाणी, हातकागद, मधमाश्या असे प्रयोग चालत. एकच उदाहरण बघा. गूळ करायचा तर ऊस लागतो. उसाला चांगली जमीन आणि भरपूर पाणी लागतं. मग धान्य कुठं पिकवायचं? ताडाचं झाड मात्र पडीक जमिनीवरही येतं आणि त्याच्या नीरेचाही गूळ होतो. एका गुळाच्या ढेपेत त्यांना आहार, माती, पाणी आणि रोजगार असे चार विषय दिसले. एक लाख लोकांना पोटभर, सकस अन्न मिळायला कोणतं पीक किती एकरांत हवं, याचाही तक्ता त्यांनी मांडला. आधी ताट, मग बाजार, असा तो हिशेब होता.

‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे पुस्तक त्यांनी तुरुंगात लिहिलं. कोळसा, खनिज तेल हा साठा आहे, वापरला की संपणारा. वाहतं पाणी, जंगल हा प्रवाह आहे, जपला तर पुरणारा. पर्यावरण हा शब्द अभ्यासक्रमात येण्याच्या कितीतरी आधीचा हा विचार!

स्वातंत्र्यानंतर देश मोठ्या कारखान्यांच्या वाटेनं गेला, कुमारप्पा मागे पडले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, ते गेले.

आता तुमचं बघा. पुढचा प्रोजेक्ट गावावर असेल, तर नुसतं उत्पन्न विचारून परत येऊ नका. विहिरीला पाणी किती, ताटात डाळ किती, रानात झाडं किती, तेही विचारा. हिशेब तेव्हा कुठं पुरा होईल.