विश्लेषण : ताजुद्दीन बाबांना वेडे कोणी ठरवले? नागपूरच्या पागलखान्यातील १६ वर्षे आजही का आठवायची?

नागपुरात ऑटोवाल्याला पागलखाना चौक म्हटले की तो पत्ता विचारत नाही. चौकाला हे नाव मिळाले ते जवळच्या प्रादेशिक मनोरुग्णालयामुळे. त्याची स्थापना १८६४ सालची. याच आवारातील एका जागेला मात्र ताजुद्दीन बाबांचे भक्त ‘पागलखाना शरीफ’ म्हणतात. एरवी हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द इथे आदराने उच्चारला जातो. कारण २६ ऑगस्ट १८९२ ते २१ सप्टेंबर १९०८ या काळात बाबांना येथे वेडे म्हणून ठेवण्यात आले होते. ज्यांना शहराने वेडे ठरवले, त्यांनाच पुढे त्याच शहराने संत मानले. मधल्या काळात नेमके काय बदलले?

पोरका मुलगा, पलटणीतला शिपाई

ताजुद्दीन यांचा जन्म २७ जानेवारी १८६१ रोजी कामठीचा. वडील लष्करात होते. वडील तान्हेपणीच गेले, नवव्या वर्षाच्या सुमारास आईही गेली. आजी आणि मामांनी त्यांना वाढवले, मदरशात घातले. पुढे कन्हान नदीच्या पुरात घराची वाताहत झाली. विशीत त्यांनी पलटणीत नाव नोंदवले आणि त्यांची रवानगी सागरला झाली.

दिवसा कवायत आणि रात्री सूफी संत दाऊद मक्की यांच्या दर्ग्यात बसणे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. नातू रात्रभर बाहेर असतो, हे कळल्यावर आजी काळजीने थेट सागरला गेली. जी काळजी कोणत्याही आजीला वाटेल तीच. काही काळाने नोकरी सुटली. ताजुद्दीन कामठीला परतले ते हरवल्यासारखे. घरच्यांनी वैद्य-हकीम केले, उपयोग झाला नाही. गल्लीतली पोरे त्यांना दगड मारत.

इथे आजच्या वाचकाला मोह होतो. लहानपणीचे दोन मृत्यू, पूर, एकाकीपण ही यादी पाहून मोबाइलवरच निदान करून टाकावेसे वाटते. भक्तांना उलट मोह होतो. त्यांना प्रत्येक विचित्र कृतीत केवळ लीला दिसते. दोन्ही बाजू एकच चूक करतात. समोरच्या माणसापेक्षा आपल्या हातातले लेबल त्यांना जास्त ओळखीचे वाटते.

वेड ठरवण्याची पद्धत काय होती?

त्या काळी १८५८चा कायदा लागू होता. रस्त्यात भटकणारा, धोकादायक वाटणारा वेडा पोलिसांनी पकडायचा, दंडाधिकाऱ्यापुढे उभा करायचा, सरकारी डॉक्टरने दाखला द्यायचा आणि पागलखान्यात पाठवायचे, ही पद्धत. माणसाला आतून काय होते आहे, यापेक्षा बाहेर त्याचा उपद्रव किती, हे पाहणारा हा कायदा होता.

कामठीच्या छावणीत गोऱ्या साहेबांच्या क्लबपुढे बाबा विवस्त्र गेले आणि त्यानंतर त्यांना नागपूरला पाठवले गेले, असे चरित्रकार सांगतात. आपण पागलखान्यात जाणार हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते, अशी भक्तांची श्रद्धा आहे. इतिहासाला ती तपासता येत नाही. मात्र एक गोष्ट उघड आहे. गल्लीतल्या पोरांचे दगड खाणारा माणूस कित्येक वर्षे प्रशासनाच्या लेखी वेडा नव्हता. साहेबांच्या क्लबपुढे गेल्यावर तो वेडा झाला.

आत गेल्यावर लोकांनी त्यांना विसरायला हवे होते. झाले भलतेच. दर्शनासाठी रीघ लागली. कोठडीत असतानाच ते बाहेर दिसल्याच्या कथा पसरल्या. सोळा वर्षांत रुग्णाची प्रकृती किती बदलली हे कोणी सांगू शकत नाही, पण भिंतीबाहेरच्या लोकांची नजर नक्की बदलली.

सुटका बरे झाल्यामुळे झाली का?

नाही, आणि या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. नागपूरच्या भोसले घराण्याचे राजे रघुजीराव यांनी बाबांना आपल्याकडे सोपवावे अशी मागणी केली. दोन हजार रुपयांची हमी भरल्याचे चरित्रांत नोंदलेले आहे. त्या काळी ही रक्कम मोठी होती. कायद्यात तशी तरतूद होतीच. नातलग किंवा स्नेही माणसाची नीट काळजी घेण्याची आणि त्याच्याकडून कोणाला इजा न होऊ देण्याची हमी देत असेल, तर त्याला घरी नेता येई. बाबा शक्करदऱ्याच्या राजवाड्यात आले. एका हिंदू राजाच्या घरी मुस्लीम फकीर आणि दारात सर्व जातिधर्मांची गर्दी, हे दृश्य नागपूरकरांच्या सवयीचे झाले.

मधली काही वर्षे ते सावनेरकडच्या वाकी गावात काशिनाथ पाटलांकडे राहिले. तेथे त्यांनी एका जागेला मदरसा, एकीला मशीद, तर एकीला दवाखाना अशी नावे दिली होती. आजाऱ्यांना ते दवाखान्याच्या जागेवर पाठवत. दवाखाना म्हणजे इमारत नव्हतीच. झाडाखालची मोकळी जागा होती. पुढे ते शक्करदऱ्याला परतले आणि १७ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. ताजबागेतील त्यांच्या दर्ग्यावर आजही उर्साला लोटणारी गर्दी सर्वांना माहीत आहे.

संत म्हणजे शांत, हे समीकरण खरे का?

मनःशांतीच्या जाहिरातींत डोळे मिटून मंद हसणारा चेहरा असतो. बाबांच्या आठवणींत तो क्वचितच सापडतो. ते चिडत, शिव्या देत, अंगावर धावून जात, असंबद्ध वाटेल असे बोलत. लोक त्या शिव्याही प्रसाद समजून घेत. पूर्ण शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य म्हणजेच आरोग्य, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या लावली तर बाबा आयुष्यात एक दिवसही निरोगी ठरले नसते. खरे तर आपल्यापैकी कितीजण ठरतील? आनंदी दिसणे हीच मनाच्या आरोग्याची खूण मानली, की न हसणारा प्रत्येक माणूस संशयित होतो.

पण याचा अर्थ प्रत्येक वेडात संतत्व शोधावे असा मुळीच नाही. बाबांना आपल्या काळातील पाच सद्गुरूंपैकी एक मानणाऱ्या मेहेरबाबांनीच ईश्वरप्रेमात बुडालेले ‘मस्त’ आणि मनोरुग्ण यांत स्पष्ट फरक केला होता. १९३६ मध्ये राहुरीत त्यांनी वेड्यांसाठी आश्रमही चालवला. हा फरक विसरण्याची किंमत मोठी असते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळताही आले नाही.

आजचा कायदा काय म्हणतो?

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घातली. समाजाच्या नैतिक वा धार्मिक चौकटीत न बसणे, एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असेही त्यात आहे. ही कलमे १८९२ मध्ये असती तर ताजुद्दीन यांना आत टाकण्याआधी डॉक्टरला निदान क्लबमधील प्रसंगापलीकडे पाहावे लागले असते. कदाचित उपचारांची गरज खरोखर आढळलीही असती. दर्ग्यात जाणे आणि गोळी घेणे यांत तसा विरोध नाही. विरोध आहे तो दर्ग्यामुळे डॉक्टरकडे जाणे वर्षानुवर्षे लांबवण्याला.

कायद्याने न सुटलेला प्रश्न मात्र रघुजीरावांच्या हमीचा आहे. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर या राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही घरी न गेलेली माणसे आहेत. नातेवाईक येत नाहीत. काहींनी दिलेला पत्ताच खोटा निघतो. बऱ्या झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना निर्देश द्यावे लागले. डॉक्टरांच्या मते ती घरी जाण्याजोगी आहेत, पण हमी घेऊन फाटकाशी कोणी येत नाही.