मलिक अंबरचा चेहरा

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत मलिक अंबर येतो तो गनिमी कावा आणि जमीन महसूल या दोन कारणांनी. परीक्षेस तेवढे पुरते. तो काळ्या वर्णाचा हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेला होता, ही गोष्ट आपण एका वाक्यात उरकतो. वास्तविक त्याच्या चरित्राचे मर्म तेथेच आहे.

इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू. हातोहात विकला जाऊन तो बगदादच्या एका व्यापाऱ्याकडे आला; त्याने त्याला शिकविले आणि अंबर हे नाव दिले. पुढे निजामशाहीचा पेशवा चेंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही हबशीच! धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला आणि काही काळ विजापूरकरांची चाकरी करून परतला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तेव्हा त्याने परांड्यास दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून बुडते राज्य सावरले. निजामशहांचे मूळ आपल्याच जिल्ह्यातील पाथरीच्या कुलकर्णी घराण्यात सांगतात. पाथरीकरांच्या वंशजांचे हे राज्य एका आफ्रिकी गुलामाने सुमारे पाव शतक राखले.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकास त्याच्या तलवारीपेक्षा त्याचा कारभार अधिक मोलाचा वाटतो. त्याने महसुलाची इजारा पद्धत मोडली, जमिनीची प्रत लावली आणि सारा पिकाच्या मानाने ठरविला. मक्तेदाराच्या तावडीतून रयत सुटल्याखेरीज शेती वाढत नाही, हे त्याने ओळखले होते. १६१० मध्ये वसविलेल्या खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, त्याने नहरीने पाणी आणले.

त्याच्या पराक्रमाने बादशहा जहांगीर इतका संतप्त होता की आपल्या आत्मचरित्रात तो अंबरचे नाव घेताना त्याच्या काळ्या रंगाची निंदा केल्यावाचून राहत नाही. दरबारी चित्रकार अबुल हसन याच्याकडून त्याने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढविले. पृथ्वीगोलावर उभा असलेला बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडीत आहे; भोवती घुबडे आहेत. हे चित्र आता डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. रणांगणात न मिळालेले शिर बादशहाने कागदावर मिळविले, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु त्याच दरबारातील हाशिम या चित्रकाराचे दुसरे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात घुबड नाही, भाला नाही. शुभ्र जामा घातलेला एक वृद्ध सेनानी एका अंगाने उभा आहे. त्याचा वर्ण काळा आहे आणि चित्रकाराने तो उजळ करण्याची तसदी घेतलेली नाही. शत्रूच्या दरबारातील कुंचल्याने त्याला त्याचा खरा चेहरा परत दिला.

हे चित्र आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या भिंतींवर का नसावे? गंगाखेडला हा प्रश्न परका वाटू नये. येथील जनाबाई परक्या घरी दासी म्हणून राहिली आणि ते दासीपण तिने अभंगांतून ताठ मानेने मिरविले. दासीला संत मानणाऱ्या याच समाजात सावळ्या रंगाची मुलगी मात्र लग्नाच्या बाजारात अजून कमी मोलाची ठरते. वर्गात रंगावरून टोपणनाव पडलेला मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसतो, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले आहे. त्या मुलाला उपदेशाने जे कळणार नाही ते कदाचित त्या चित्राकडे पाहून कळेल.

१६२४ मध्ये भातवडीस अंबरने मोगल व विजापूरकरांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात, अंबरला नैसर्गिक मृत्यू आला. तेव्हा जहांगीरच्याच पदरच्या इतिहासकाराने, मोतमदखानाने, त्याच्या युद्धकौशल्याची व कारभाराची मोकळ्या मनाने प्रशंसा लिहून ठेवली. त्याची कबर खुलताबादेस आहे. वेरूळला जाणाऱ्या आपल्या सहलींची गाडी तिच्या जवळूनच पुढे निघून जाते.