सिंदखेडचे लखुजीराव जाधव

मुलांनो, जालन्याहून मेहकरकडे जाताना आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे गाव लागते. तेथे एक भव्य दगडी समाधी आहे. ती राजे लखुजीराव जाधव यांची.

लखुजीराव निजामशाहीतील मोठे सरदार होते. देवगिरीच्या यादवांचे आपण वंशज, असे हे घराणे मानी. लखुजीराव व म्हाळसाबाई यांची कन्या जिजाबाई. तिचा विवाह शहाजीराजे भोसले यांच्याशी झाला. पुढे एका हत्तीवरून दोन्ही घराण्यांत मारामारी झाली आणि लखुजीरावांचा मुलगा दत्ताजी मारला गेला, असे बखरींत सांगितले आहे. एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला पती! जिजाबाईंना काय वाटले असेल, ते तुम्हीच ओळखा.

लखुजीराव काही काळ मोगलांकडे गेले व परत आले; पण निजामशहाचा संशय फिटला नाही. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या, म्हणजे जुन्या देवगिरीच्या किल्ल्यात, भर दरबारात त्यांची हत्या झाली. अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि नातू यशवंतराव हेही तेथेच मारले गेले. म्हाळसाबाई उरलेल्या माणसांसह सिंदखेडला निघाल्या. शहाजीराजांनी जुने वैर बाजूला ठेवून निजामशाही सोडली.

जिजाबाई तेव्हा गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. लखुजीरावांना हा नातू पाहायला मिळाला नाही.