विश्लेषण : 'उतारा वाचा, उत्तरे लिहा'... आचार्य अत्रेंच्या 'दिनूचे बिल'ने मुलांच्या वाचनात काय बदलले?

शाळा शिरूर अनंतपाळची असो वा पुण्याची, 'उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' असे म्हटले की तिसरी-चौथीतली बरीच मुले एकच युक्ती करतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो ज्या वाक्यात सापडेल, ते वाक्य जसेच्या तसे उतरवायचे. मोबाइलमध्ये 'सर्च' करतो तसेच हे! गुण मिळतात, पण उतारा समजला का, हे कोणालाच कळत नाही. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, यासाठी केंद्राने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले आणि त्यासाठी २०२६-२७ ही मुदत ठेवली. मुलांना समजेल, आवडेल असा धडा कसा असावा, या प्रश्नावर मराठीत जवळपास ९० वर्षांपूर्वी काम केलेला माणूस म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे.

अत्रे शिक्षक कधी होते?

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले अत्रे, 'मराठा'चे संपादक अत्रे, नाटककार अत्रे सर्वांना माहीत आहेत. नावामागचे 'आचार्य' मात्र वर्गातून आले. १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीत गावी त्यांचा जन्म झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते शाळामास्तर झाले. पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते अनेक वर्षे मुख्याध्यापक होते. 'झेंडूची फुले'मुळे विडंबनकार म्हणून नाव झाले, तरी पोटापाण्याचा धंदा मास्तरकीचाच होता.

१९२७-२८ मध्ये ते लंडनला जाऊन शिक्षकांची पदविका घेऊन आले. त्या काळात वाचनाबद्दलच्या समजुती जगभर बदलत होत्या. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये मुलांना छापील उतारे आणि प्रश्न देऊन त्यांच्या चुका तपासल्या होत्या. मुले एखाद्या ठळक शब्दाला धरून बसतात आणि बाकीचे वाक्य सोडून देतात, हे त्याच्या लक्षात आले. उतारा समजणे हे गणित सोडवण्यासारखे आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. (इंजिनीअरिंगमध्ये उदाहरण न वाचता सूत्रात आकडे भरणाऱ्यांना ही चूक लगेच ओळखू येईल.)

'नवयुग वाचनमाले'त वेगळे काय होते?

एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तके घडली. पुस्तकी मराठी आणि उपदेश हा वारसा पुढेही बराच काळ टिकला. अत्र्यांनी १९३०च्या दशकात वि. द. घाटे यांच्यासोबत 'नवयुग वाचनमाला' केली. मुलांच्या तोंडी असते तशी सोपी भाषा, छोटी वाक्ये आणि पुढे काय होईल अशी ओढ लावणाऱ्या गोष्टी तिच्यात होत्या.

यातला 'दिनूचे बिल' हा धडा आजही अनेक आजी-आजोबांना आठवतो. दिनू आईची छोटी-मोठी कामे करतो आणि त्यांचे बिल तिच्या हाती ठेवतो. आई पैसे देते, पण सोबत आपलेही बिल देते. त्यात तिने त्याच्यासाठी केलेल्या साऱ्या गोष्टी असतात, रक्कम मात्र काहीच नसते.

आता यावर प्रश्न काढून पाहा (हे प्रश्न आमचे, पुस्तकातले नव्हेत). दिनूने बिल कोणाला दिले? उत्तर धड्यात सापडते. दोन्ही बिलांत फरक काय? आता दोन जागा जुळवाव्या लागतात. आणि आईने पैसे का मागितले नसतील? इथे 'सर्च' चालत नाही. ते वाक्य धड्यात लिहिलेलेच नाही, पण आई असलेल्या प्रत्येक मुलाला ते ठाऊक आहे. आपल्या शब्दांत उत्तर लिहून घ्यायचे, तर असा धडा हाताशी हवा. निर्जीव उताऱ्याखाली कितीही चांगला प्रश्न टाका, मूल वाक्यच उतरवणार.

मराठवाड्यासाठी हा मुद्दा का महत्त्वाचा?

'नवयुग'चे दिवस मुंबई प्रांतातले. तेव्हा आजचा लातूर जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि तिथले विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आजही इथल्या मुलाच्या घरी 'काय करलालास?' असे बोलतात. कुठे उर्दू, कुठे लमाणी, कुठे कन्नड असते. गोष्ट ऐकून हे मूल तोंडी नेमके उत्तर देते. लिहिताना मात्र प्रमाण मराठी चुकेल, या भीतीने पुस्तकातले वाक्य उचलते. त्यामुळे आधी पुस्तक मिटून तोंडी उत्तर घ्यावे, मग तेच त्याच्या शब्दांत लिहू द्यावे आणि शुद्धलेखन नंतर पाहावे, हा क्रम अधिक योग्य वाटतो. 'करलालास'साठी गुण कापले, तर पुढच्या वेळी कोरी नक्कलच हाती येईल.

पुढे अत्रेंचे काय झाले?

नाटके, सिनेमा, १९४० मध्ये 'नवयुग' साप्ताहिक, १९५६ मध्ये 'मराठा' दैनिक असा पसारा वाढत गेला आणि मास्तर मागे पडला. त्यांच्या 'श्यामची आई' या १९५३च्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. १३ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. राज्यातील मुलांसाठी पुस्तके तयार करणाऱ्या 'बालभारती'ची स्थापना २७ जानेवारी १९६७ची; तिला तेव्हा अडीच वर्षेही पूर्ण झाली नव्हती.