विली मॉस्कोनी : एकाग्रतेचा अजिंक्यवीर

फिलाडेल्फियातील जोसेफ मॉस्कोनी यांचे स्वतःचे पूलगृह होते. तरीही आपल्या मुलाने या खेळाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, अशी त्यांची इच्छा होती. घराण्यातील काही आप्त नर्तक म्हणून रंगमंचावर नावाजलेले होते. मुलानेही तीच वाट धरावी म्हणून ते खेळाचे चेंडू लपवून ठेवीत. २७ जून १९१३ रोजी जन्मलेल्या विलीने त्यावर तोड काढली. आईच्या स्वयंपाकघरातील गोल बटाटे आणि झाडूचा दांडा घेऊन तो रात्री सराव करू लागला. पुढे वडिलांनीच त्याचे कसब ओळखले. खोक्यावर उभा राहून खेळणारा हा बालक वयाच्या सहाव्या वर्षी राल्फ ग्रीनलीफ या नामांकित विजेत्याविरुद्ध प्रदर्शनीय सामना खेळला.

त्यानंतर काही वर्षे विली या खेळापासून दुरावला. महामंदीच्या काळात घरावर आजारपण आणि आर्थिक ओढगस्त कोसळली, तेव्हा चार पैसे मिळवण्यासाठी त्याने पुन्हा क्यू हाती घेतला. हरणे परवडणारे नव्हते. पराभवाविषयीची तीव्र चीड त्यांच्या स्वभावात शेवटपर्यंत राहिली. १९३३ पासून ते जागतिक स्पर्धांत उतरू लागले, तरी पहिले जगज्जेतेपद हाती यायला १९४१ साल उजाडले. १९५७ पर्यंत त्यांनी ते १५ वेळा जिंकले.

त्यांचा खेळ 'स्ट्रेट पूल' या प्रकारातला. १५ चेंडूंपैकी कोणताही चेंडू, मात्र आधी सांगून, पॉकेटमध्ये घालायचा आणि प्रत्येकी एक गुण मिळवायचा. १४ चेंडू गेले की ते पुन्हा त्रिकोणात मांडले जातात, आणि उरलेला पंधरावा घेतानाच पांढऱ्या चेंडूने नवी मांडणी फोडावी लागते. कॅरममध्ये स्ट्रायकर दर वेळी हाती परत येतो. इथे पांढरा चेंडू जिथे थांबेल तिथूनच पुढचा फटका मारावा लागतो. म्हणूनच चेंडू पॉकेटमध्ये घालणे हे अर्धेच काम. पुढच्या फटक्याची सोय करणे हे उरलेले अर्धे.

मॉस्कोनी यांचे सामर्थ्य या दुसऱ्या अर्ध्यात होते. मांडणी फोडण्यासाठी कोणता चेंडू शेवटी राखायचा, त्याच्या आधी कोणता घ्यायचा, हे ते टेबलावर अनेक चेंडू असतानाच ठरवीत. पांढरा चेंडू ते शक्य तितका कमी फिरवीत. प्रेक्षकांना थक्क करणारे अवघड फटके त्यांच्या सामन्यात क्वचितच दिसत, कारण तशी वेळच ते येऊ देत नसत. निर्णय आधीच झालेला असल्याने फटक्याच्या क्षणी मनात द्विधा उरत नसे. त्यांच्या जलद खेळाचे मर्मही हेच होते.

या खेळात प्रतिस्पर्धी गुण घेत असताना दुसऱ्याला खुर्चीवर निमूट बसून राहावे लागते. अनेकांचे मन तिथेच खचते. मॉस्कोनी यांच्यासमोर बसणाऱ्यांनी हे पुरेपूर अनुभवले. १९५६ मध्ये जिमी मूर यांच्याविरुद्ध त्यांनी एकाच डावात सलग १५० गुण घेऊन सामना संपवला. त्याआधी, १९ मार्च १९५४ रोजी, ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे आठ फुटी टेबलावर त्यांनी सलग ५२६ चेंडू पॉकेटमध्ये घातले होते. हा विक्रम २०१९ पर्यंत, म्हणजे ६५ वर्षे टिकला.

पक्षाघाताच्या झटक्याने त्यांच्या कारकिर्दीला खीळ घातली. पण त्यातून सावरून ते पुन्हा टेबलाशी उभे राहिले. 'द हस्लर' या १९६१ च्या चित्रपटाचे ते तांत्रिक सल्लागार होते. गंमत अशी, की पैजा लावून गिऱ्हाइकांना गंडवणाऱ्या ज्या खेळाडूंचे जग त्यात दिसते, त्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. पूल हा सभ्यांचा खेळ ठरावा, हा त्यांचा ध्यास होता. कोट-टाय घालून खेळणे हा त्याचाच भाग. १९७८ मध्ये 'मिनेसोटा फॅट्स' या वाचाळ प्रतिस्पर्ध्याशी त्यांचा सामना दूरचित्रवाणीवर झाला. त्याच्या अखंड बडबडीने ते चिडले, तरी हात ढळला नाही. सामना त्यांनीच जिंकला.

१७ सप्टेंबर १९९३ रोजी न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षापासून अमेरिका आणि युरोप यांच्यातील वार्षिक लढत 'मॉस्कोनी कप' या नावाने खेळली जात आहे. तिथे प्रचंड गोंगाटात एकच फटका संघाचे भवितव्य ठरवतो. अशा क्षणी मन शांत ठेवण्याची विद्या ज्याने आयुष्यभर साधली, त्याचे नाव त्या चषकाला शोभून दिसते.